बायजीच्या तबकडीचे सील

कोणत्याही गाण्याचे खरे मोल ते ऐकू येईनासे झाल्यावरच ठरते. हे तत्त्व आता सर्वत्र मान्य झाले आहे. पण त्याची पहिली शिस्तबद्ध अंमलबजावणी डहाणू रोड येथे झाली, याचा विसर पडू नये.

रेल्वेच्या पार्सल ऑफिसातले सूर्यकांत चुरी यांना हे तत्त्व १९५४ साली उमगले. त्या वर्षी तलासरीकडच्या बायजीचे गाणे मुंबईत तबकडीवर उतरले. बायजी धवलेरी, म्हणजे डोंगराकडच्या पाड्यांवर गाऊन लग्न लावणारी बाई. सकाळी गाणे धरायचे, दिवस मावळताना सोडायचे. गाणे संपले की लग्न लागले. मध्ये थांबायची सोय नाही.

ध्वनिमुद्रणाची कल्पना सूर्यकांत आणि बोर्डीचे एकनाथ मास्तर यांची. खर्च असा झाला: स्टुडिओ, दीडशे रुपये. शंभर तबकड्या, पावणेतीनशे. रेल्वेभाडे, शून्य (सूर्यकांतांची ओळख). गायिकेस लुगडे, शून्य (ती नेसूनच आली होती). गायिकेचा गळा ओला राहावा म्हणून ताडी, सव्वा रुपया (दारूबंदी असल्यामुळे ‘शहाळी’ या सदरात). गायिकेचे मानधन या सदरापुढे आभार असे लिहिले आहे.

स्टुडिओत एक अडचण आली. समोर नवरा-नवरी नसताना लग्नाचे गाणे कसे म्हणायचे, असे बायजीने विचारले. आपण हे विचारणार हे तिला ठाऊक होते, म्हणून तिने येतानाच पाड्यावरच्या लहान्या आणि शुक्रीला बरोबर आणले होते. दोघांचा संसार बारा वर्षांचा, थोरली ठकी दहा वर्षांची. लग्न तेवढे खर्चापायी राहिले होते. त्यांना मायक्रोफोनसमोर पाटावर बसवले. बायजीने गाणे धरले. तीन मिनिटे वीस सेकंदांनी बाजू संपल्याचा लाल दिवा लागला. तबकडी उलटी झाली. पुन्हा तीन मिनिटे वीस सेकंदांनी लाल दिवा लागला, आणि स्टुडिओचा साहेब म्हणाला, “बस.”

“मंग आमचं लगीन?” शुक्रीने विचारले.

“उरलेलं पुढच्या तबकड्यांत,” साहेब म्हणाला.

एकनाथ मास्तरांनी परतीच्या गाडीत गणित केले. आठ तासांचे गाणे, एका तबकडीत सहा मिनिटे चाळीस सेकंद. म्हणजे बहात्तर तबकड्या. लहान्या-शुक्रीचे लग्न एक बहात्तरांश लागले होते. उरलेल्या एकाहत्तरांसाठी वर्गणी सुरू झाली, आणि सात वर्षांत नऊ रुपयांपर्यंत पोचली.

मात्र त्या पहिल्या तबकडीचे भाग्य उजळले. ‘बायजी तबकडी संग्राहक मंडळ’ स्थापन झाले, अध्यक्ष सूर्यकांत. फोनोची, म्हणजे ग्रामोफोनची, सुई प्रत्येक वेळी तबकडी थोडी खाते, हे शास्त्र मास्तरांनी समजावल्यावर मंडळाने प्रतवारी ठरवली: अवादित, एकवादित आणि बहुवादित. अवादित म्हणजे जी कधीच वाजली नाही. बहुवादित तबकडीच्या मालकाला सभेत बसता येई, पण चहा दुसऱ्या कपात मिळे. भाव चारावरून चाळिसावर आणि चाळिसावरून दीडशेवर गेला. (१९६० साली अच्छाडजवळून राज्याची हद्द गेली तेव्हा उंबरगावची एकमेव प्रत रातोरात परप्रांतीय झाली. तिचे पाच रुपये त्यामुळेच वाढले. गाणे होते तेवढेच राहिले.)

सूर्यकांतांची प्रत क्रमांक एक. पाकिटाला लाखेचे सील, त्यावर पितळी शिक्का. दर दिवाळीत मंडळ येऊन सील तपासे, फराळ करी आणि ‘अवादित’ असा दाखला देई. घरात फोनोही होता. त्यावर चिकूची टोपली ठेवायची पद्धत होती.

१९६१च्या उन्हाळ्यात लहान्या आणि शुक्री सूर्यकांतांच्या रेल्वे क्वार्टरच्या दारात उभे राहिले. ठकीला सरावलीचे स्थळ आले होते. पण आईबापाचे लग्न लागल्याशिवाय लेकीचे लावायचे नाही, हा पाड्याचा नियम.

“मग लावून घ्या की,” सूर्यकांत म्हणाले. “बायजी आहे अजून.”

“बायजी म्हणते, सुरुवात तबकडीत गेली,” लहान्या म्हणाला. “परत सुरुवात केली तं ते दुसरं लगीन व्हतं. पहिलं मोडल्याबिगर दुसरं कसं लावायचं? भाऊ, एकदाच वाजवा. जितं थांबली तितून ती पुढं गाईल.”

ही मागणी अडाणीपणाची आहे असे सूर्यकांतांना वाटले नाही. कागदपत्रांच्या बाबतीत रेल्वेचाही हाच नियम होता.

“अरे, पण एकदा वाजवली की ती एकवादित.”

“म्हंजे काय व्हतं?”

“दीडशेची चाळीस होते.”

“आनि नाय वाजवली तं आमी काय व्हतो?” शुक्रीने विचारले.

मंडळाच्या नियमावलीत याचे उत्तर नव्हते. सूर्यकांतांचे मन मात्र मोठे. तबकडी घेऊन आपण स्वतः लग्नाला येऊ आणि सर्वांना सीलसकट दर्शन घडवू, असा शब्द त्यांनी दिला.

“मीपण येते,” स्वयंपाकघरातून त्यांची बायको जयमाला म्हणाली.

ठरल्या दिवशी सकाळी मांडवात तबकडी पाटावर ठेवली. समोर लहान्या-शुक्री, बाजूला ठकी आणि धाकटी तीन. बायजी आता खूप म्हातारी झाली होती. तिने पाकिटाला हात लावून पाहिला.

“बोलव तिला,” ती म्हणाली.

“ही बोलत नाही, बाई. तोच तर हिचा मोठेपणा.”

सूर्यकांतांनी रुमालाने सीलवरची धूळ पुसली. ठकी उठून मांडवाबाहेर चालू लागली.

तेवढ्यात जयमालाने पदर खोचला आणि गाणे धरले.

गळा तिचाच, पण श्वास घ्यायच्या जागा बायजीच्या. ठकी होती तिथेच खाली बसली. हळदीच्या एका ओळीवर जयमाला अडकली, तीच ओळ तीनदा म्हणाली आणि सुटली (तिथे तबकडीवर चरा होता); शुक्रीला त्यामुळे तीनदा हळद लागली. तीन मिनिटे वीस सेकंदांनी जयमाला थांबली, उठली, पदराला हात पुसले, पुन्हा बसली आणि उरलेली बाजू म्हटली. मधल्या वेळात सगळा मांडव थांबून होता. तबकडी उलटायला वेळ लागणारच.

शेवटची ओळ अर्ध्यावर तुटली. ती बायजीने डोळे न उघडता उचलली.

दिवस मावळताना लग्न लागले. ठकीचे पुढच्या आठवड्यात.

परतीच्या एस.टी.त सूर्यकांत मांडीवर पाकीट घेऊन बसले होते.

“किती वेळा?” त्यांनी विचारले.

“तुमची सकाळची पाळी असली की.”

“आणि सील?”

“शिक्का तुम्ही घरीच ठेवता की हो. लाख संपली की आणायला सांगत होते ना? तुम्हाला वाटायचं लोणच्याच्या बरण्यांना लागते.”

सूर्यकांतांनी सात वर्षे आणि पाळ्या यांचा गुणाकार मनात सुरू केला आणि आठशेच्या पुढे सोडून दिला. त्या दिवाळीत मंडळाने सील तपासले, फराळ केला आणि ‘अवादित’ असा दाखला दिला. भाव पावणेदोनशे. सूर्यकांतांनी सही केली.

त्यांना हसणाऱ्या वाचकांना एक सांगणे आहे. स्टुडिओचे भाडे, शहाळ्यांचा खर्च, एकवादित तबकडीचा भाव आणि परप्रांतीय प्रतीचे वाढलेले पाच रुपये हे सारे आपण इथवर लक्ष देऊन वाचलेत. बायजीच्या गाण्याचा एकही शब्द यात आलेला नाही, आणि तो आपण विचारलाही नाही. मंडळाचे सभासदत्व अजून खुले आहे. चहा चांगल्या कपात मिळेल.