बदकं आतल्या बाजूला

"पाणी कुठून येतं आणि कुठून निसटतं, हे मला कोणी शिकवू नये!" असं गळतीसाहेबांनी रविवारी सकाळी जाहीर केलं. समोर फक्त बायको होती आणि तिच्या मांडीवर सहा महिन्यांची ठमी. पण साहेब बोलले असे, की जणू हजारभर माणसं सतरंज्या घालून बसली आहेत.

साहेबांचा धंदा गच्च्यांची गळती थांबवण्याचा. अठरा वर्षं हेच केलं. सगळे त्यांना गळतीसाहेब म्हणत आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

आता ठमीचं असं झालं होतं, की बाजारातल्या वापरून फेकायच्या डायपरने तिच्या अंगावर लाल पुरळ उठायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कापडी वापरा. म्हणून बायकोने कापडी मागवले, चांगले बारा. एका बाजूला सुती कापडाचा जाड थर, दुसऱ्या बाजूला पाणी न झिरपणारं चकचकीत कापड आणि त्यावर पिवळी बदकं. इथवर ठीक होतं. घोडं अडलं ते पाळणाघराशी.

"कापडी? नको गं बाई," पाळणाघराच्या काकू म्हणाल्या होत्या. "बरं, सोमवारचा एक दिवस बघते. दोनदा माफ. तिसऱ्यांदा काही भिजलं, तर दुसरी सोय बघा. माझ्या यादीत चौदा बाळं थांबलीत."

आणि सोमवारीच बायको कामावर रुजू व्हायची होती. रजा संपली होती, वाढवून घेतली होती, तीही संपली होती. आता पाळणाघर हुकलं तर नोकरीवर पाणी सोडायचं, एवढंच उरलं होतं. बिचारी आठवडाभर धड झोपली नव्हती.

"डायपरचं खातं माझ्याकडे दे," साहेब म्हणाले. "तू तुझी बॅग भर."

साहेबांनी एक डायपर उचलला, उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. मग कपाळाला हात लावला.

"उलटा शिवलाय हा! बाराच्या बारा उलटे!"

"अरे, उलटा कसा असेल?"

"आमच्या धंद्यातला पहिला नियम सांगतो. पाणी ज्या अंगाने येतं, त्या अंगाला थर लावायचा! गच्चीला वरून लावतो ना? खालून लावला तर पाणी स्लॅबमध्ये मुरणार. इथे पाणी ठमीकडून येतं. म्हणजे चकचकीत बाजू ठमीकडे. कापूस बाहेर. साधी गोष्ट आहे!"

"पण या कागदावर चित्र दिलंय. बदकं बाहेर आहेत."

"चित्र काढणाऱ्याने जन्मात एक तरी गच्ची केली आहे का?"

बायकोने आणखी दोनदा सांगून पाहिलं. पण ते पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी ती बॅग भरायला निघून गेली.

उलट बाजूने टिचबटणं लागेनात. म्हणून साहेबांनी ते गाठोडं कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे नेलं. शिंप्याने चष्म्यावरून पाहिलं.

"साहेब, बदकं आत घ्यायची? नक्की?"

"अहो, बदकं पाण्यातच असतात!"

शिंप्याने बटणं उसवून दुसऱ्या बाजूला लावायला घेतली.

संध्याकाळी साहेबांनी जेवणाच्या टेबलावर रीतसर पाणीचाचणी घेतली. बदकांच्या बाजूला खोलगट करून डायपर ठेवला आणि त्यात कपभर पाणी ओतलं. पंधरा मिनिटं घड्याळ लावून पाहिलं. खालचा कापूस कोरडा ठणठणीत!

"बघ! एक थेंब पार गेला नाही!"

"अरे, पण पाणी वरच साचलंय की."

"मग? गच्चीवरही साचतंच! त्यालाच तर चाचणी म्हणतात!"

सोमवारी नऊला ठमी पाळणाघरात, बायको कामावर आणि साहेब एका सहा मजली इमारतीच्या गच्चीवर पोचले. पावणेदहाला काकूंचा फोन आला.

"ठमीचे बाबा, गादी भिजली."

"कुठून? डावीकडून की उजवीकडून?"

"दोन्हीकडून हो."

"सांधे ढिले असणार. मांडीपाशी एकेक बटण आवळा."

काकूंनी बटणं आवळली. साडेदहाला पुन्हा फोन.

"बाबा, चादर बदलायला घेतली, तर आताही थोडी..."

"ते मघाचंच साचलेलं असेल, ते नाही धरायचं! असं करा, ठमीला जरा उतार द्या. डोक्याखाली घडी ठेवा आणि एका कुशीला कलवा. उतार असला की पाणी सैरावैरा धावत नाही."

साहेबांचं बोलणं अगदी खरं निघालं. पाणी सैरावैरा धावलं नाही. ते शिस्तीत, एकाच दिशेने, शेजारी झोपलेल्या बाळाच्या पाठीखाली गेलं. ते बाळ स्वतः कोरडं असूनही ओलं होऊन उठलं आणि त्याने अन्यायाविरुद्ध असा काही टाहो फोडला, की बाकीची नऊही त्याला सामील झाली.

"चादर नाही धरली, तरी दोनदा झालं, बाबा," फोनवर त्या गोंगाटातून काकू म्हणाल्या.

साहेब सहा मजले धावत उतरले. पाळणाघराच्या दारात पोचतात तोच बायकोचा फोन.

"कसं चाललंय रे? खरं सांग. आमच्या कामावरच्या साहेबीणबाई आत्ताच विचारत होत्या, की आता रोज येणार ना? मी काय सांगू?"

इतका वेळ साहेबांना गळतीची काळजी होती. आता एकदम बायकोची वाटायला लागली.

"रोज येणार म्हणून सांग," ते म्हणाले. "सगळं आटोक्यात आहे."

आत गेल्याबरोबर त्यांनी ठमीला मांडीवर घेतलं आणि काकूंना थराचा नियम समजावायला सुरुवात केली. "पाणी ज्या अंगाने येतं, त्या अंगाला..." इतकं म्हणेपर्यंत पाणी त्या अंगाने आलं. दोन्ही मांड्यांवरून, गुडघ्यावरून, थेट मोज्यात.

ठमी हसली. काकू हसल्या नाहीत.

"हे तिसरं," त्या म्हणाल्या.

"काकू, माझी पँट पाळणाघराची नाही. ही धरू नका!"

काकूंनी ठमीला उचलून टेबलावर ठेवलं, डायपर सोडला, बाहेरचा कापूस चिमटीत धरून पाहिला.

"हा तर कोरडा आहे."

"बघा!" साहेबांना राहवलं नाही. "एक थेंब पार गेला नाही!"

"अहो बाबा, पार जायलाच हवा ना! गच्चीवरचं पाणी हाकलायचं असतं. हिचं पाणी सांभाळायचं असतं. जाईल कुठे बिचारं? तुम्ही दारच बंद केलंत त्याचं."

साहेबांनी तो डायपर उचलला, उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. अठरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना पाण्याबद्दल कोणीतरी शिकवलं होतं. मग त्यांनी स्वतःच पिशवी काकूंच्या पुढे सरकवली.

काकूंनी पिशवीतला दुसरा डायपर काढला, बदकं बाहेर केली आणि बटणं जमेनात म्हणून दोन सेफ्टी पिना लावल्या. मग दोघंही ठमीकडे बघत बसली. पाच मिनिटं झाली, वीस झाली. साहेबांनी आयुष्यात कुठल्याही गच्चीकडे इतक्या आशेने पाहिलं नव्हतं. अखेर ठमीने भुवया आक्रसल्या, कुठेतरी शून्यात पाहिलं आणि मोकळी झाली. काकूंनी खालून हात फिरवला. बदकं कोरडी होती!

"राहू दे तिला," काकू म्हणाल्या. "तिची आई नोकरी करते म्हणून. पण उद्यापासून डायपर आईनेच घालायचा. तुम्ही फक्त पोचवायला या."

या बाईचे उपकार कसे फेडायचे? साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि छताच्या कोपऱ्यात त्यांना एक मोठा तपकिरी डाग दिसला. त्यांचा चेहरा उजळला.

"काकू! तुमचं छत गळतंय! मी करून देतो. फुकट! आजच! लेखी हमी!"

काकूंनी डागाकडे पाहिलं. मग साहेबांच्या पँटकडे पाहिलं.

"नको हो, बाबा," त्या म्हणाल्या. "ते बिचारं फक्त पावसाळ्यातच गळतं."