देवमणी घोड्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनीचे पायी मस्तक ठेवोन, पदरचे काही न घालता, घडले ते लिहितो. शके सोळाशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर. कोणे एके राज्यी हैबतराव पागे सरकारी घोड्यांवर मुखत्यार होते. घोड्याचे अंगावरील केसांचे भोवरे पाहोन गुणदोष सांगावे, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि ही गोष्ट सर्वांहून अधिक त्यांसच ठाऊक होती. दसऱ्यास एक अबलख घोडा विकावयास आला. त्याचे गळ्यावर देवमण भोवरा होता, आणि देवमण असता बाकी सर्व खोडी झाकतात ऐसे जाणते सांगतात. रावांनी भर दरबारी शब्द दिला की, "हा घोडा स्वाराचा घात करणार नाही," आणि महाराजांनी खुशीने त्यांस शालजोडी दिली.

मग घोड्याने एका शिलेदारास पाडिले. राव म्हणाले, मांड ढिली. मग दुसऱ्यास पाडिले. राव म्हणाले, लगाम आखडला. तेव्हा घोड्याची चाकरी करणारा म्हातारा दर्याजी मोतद्दार हात जोडोन म्हणाला, "सरकार, याला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई. त्या अंगानं काय बी आलं की बुजतंय." रावांनी त्यास पागेतून काढिले, आणि डोळा काही पाहिला नाही. मग दरबारी कुजबूज जाहली आणि शालजोडी अंगास बोचू लागली, तेव्हा रावांनी एकुलते पुत्र जिवाजी यांस स्वार होण्यास सांगितले.

जिवाजी म्हणाले, "आबा, दर्याजीकाका खोटं बोलायचे नाहीत."

"माझा शब्द मोठा की त्याचा?"

पोराने बापाचा शब्द राखावा म्हणोन रिकिबीत पाय घातला. नदीचे उतारावर डावीकडोन बगळा उडाला, आणि घोडा उधळला, आणि जिवाजी खडकावर पडोन जागीच गेले. लिहिताना जीव तुटतो. प्रेत घरी आणिले तेव्हा राव रडत होते, आणि रडता रडता म्हणाले, "मांड ढिली पडली असेल."

सगुणाबाई, जिवाजींच्या मातोश्री, इतुकेच बोलल्या, "पाचव्या वर्षापासून तुम्हीच शिकवलीत की त्याला मांड."

मग राव उठोन पागेत गेले आणि घोड्याचे डाव्या डोळ्यापुढे हात हालविला. पापणी लवली नाही. पुन्हा हालविला. मग आपणाशीच म्हणाले, "उजेड पुरेसा नाही," आणि परतले. तेव्हा दोन प्रहरचे ऊन दावणीवर पडले होते.

तात्पर्य, राव पुढे नऊ वर्षे जगले. देवमणाविषयी त्यांनी आपला शब्द अखेरपर्यंत खोटा पडो दिला नाही. त्यासाठी गेलेल्या पोरास रोज कच्चा स्वार म्हणावे लागले.