ऑटर्सना कोण हरवतंय?

‘लेलँड ट्रस्कॉट यांच्या नजरेतून माशीही सुटत नाही,’ असं लेलँड ट्रस्कॉट यांनी स्वतःच्या कार्डावर छापून घेतलंय. खाली ‘बफेलो शहराचा बुद्धिसम्राट’ असंही आहे. माशीचं खरं असेल. ऑफिसात माशा भरपूर आहेत, आणि गिऱ्हाईक नसल्यामुळे साहेबांना त्यांच्याकडे बघायला सवड असते. बाकी ह्या माणसाला पार्किंगमध्ये स्वतःची गाडी सापडत नाही. ती मी शोधते. मी वांडा कोवाल्चिक, त्यांची सहायक, ड्रायव्हर आणि हिवाळ्यात दारातला बर्फ उपसणारी.

तर एप्रिलमध्ये डेल्फीन हॉकबाई आमच्याकडे आल्या. नवऱ्यामागे त्यांच्या पदरात गाद्यांची दुकानं पडली आणि बफेलो ऑटर्स हा बास्केटबॉलचा संघ पडला. दुकानं बरी चालतात.

“माझा संघ कोणीतरी मुद्दाम हरवतंय,” बाई म्हणाल्या. “महिनाभर नुसता मार खातोय. आता एकच मॅच उरलीय. ती जिंकली तर प्लेऑफमध्ये घुसू. मला कोचचा संशय आहे, त्या ओटिस ग्रेडीचा. सिद्ध करा, लगेच हाकलते.”

“पण मुद्दाम कोण कशाला हरेल?” साहेबांनी विचारलं. जिथले संघ हरण्यासाठीच प्रसिद्ध, त्या बफेलोत जन्म काढून हा प्रश्न विचारायला छाती लागते.

“अहो, ड्राफ्ट! जेवढं हराल तेवढा कॉलेजातली नवी पोरं निवडायला वरचा नंबर! माझा जावई उठता-बसता तेच ऐकवतो. म्हणे, कसंबसं प्लेऑफमध्ये शिरून पहिल्याच फेरीत नाक कापून घेण्यापेक्षा सरळ हरा आणि एखादा हिरा उचला.”

हा जावई म्हणजे संघाचा मॅनेजर कॉर्ट विंगेट. सासूला प्लेऑफ हवी, जावयाला ड्राफ्ट. शहरातही हेच दोन तट. कोंबडीचे विंग्ज चापता चापता माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात. संघ असा, की वर जायची ताकद नाही आणि तळाला जायची धमक नाही. त्याच्यासाठी भांडायचं तरी काय, हे मला आजवर कळलेलं नाही.

साहेब कामाला लागले. पहिला तर्क: रिंग वाकवलीय. शिडीवर चढून त्यांनी ती छत्रीनं मोजली. रिंग ठीक निघाली, साहेब वर अडकले. दुसरा तर्क: जेवणात गुंगीचं औषध. त्यांनी खेळाडूंच्या मॅकरोनी-चीजवर स्वतःच ताव मारला आणि बाकावर घोरायला लागले.

“सिद्ध झालं, वांडा!” उठल्यावर ते ओरडले.

“साहेब, तुम्ही रोज दुपारी झोपता.”

“म्हणजे आपल्या ऑफिसातही त्यांचा हात पोचलाय!”

मी कपाळाला हात लावला.

मग कोच ग्रेडीची उलटतपासणी झाली. बिचारा रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसला होता.

“कबूल करा, मुद्दाम हरता ना?” साहेब गरजले.

“सासू म्हणते जिंक, नाहीतर घरी जा. जावई म्हणतो हर, नाहीतर घरी जा,” ग्रेडी म्हणाला. “मला दोन पोरी शिकवायच्यात, आणि ह्याशिवाय मला दुसरं काही येत नाही.”

“हे येतं?” माझ्या तोंडून निघून गेलं.

तो चिडला नाही. “बाई, मी खरंच जिंकायला बघतोय हो.” मला फार वाईट वाटलं. जीभ आवरायला हवी होती.

शेवटच्या मॅचच्या संध्याकाळी साहेबांनी खरा गुन्हेगार पकडला. तिसऱ्या रांगेत प्रत्येक मॅचला एक टकलू बसायचा. ऑटर्सचा नेम चुकला की हा टाळ्या पिटायचा. साहेबांनी त्याची कॉलर धरून त्याला हॉकबाईंपुढे उभं केलं. विंगेट तिथेच होता.

“बोल! ह्यांना हरवायचे पैसे तुला कोण देतं?”

“कॉलर सोडा आधी! मी पर्सी लूमिस, टल्साच्या संघाचा माणूस. तुमच्या खेळावर नजर ठेवायला पाठवलंय मला. पैसे कसले? तुमचा यंदाचा ड्राफ्टचा नंबर आमचाच आहे की! तुमच्याच मॅनेजरनं देऊन टाकला आणि बदल्यात आमचा गुडघा मोडलेला सेंटरचा खेळाडू नेला. तुम्ही जितके हराल तितकं आमचं भलं. मग टाळ्या नको वाजवू?”

सगळ्यांनी विंगेटकडे पाहिलं. विंगेटनं बुटांकडे पाहिलं. “मला वाटलं, तो पुढच्या वर्षीचा दिलाय,” तो पुटपुटला.

“म्हणजे टल्सासाठी हरायचं होतं होय रे आपल्याला?” बाई कडाडल्या. “आणि मग इतके दिवस हरवतंय तरी कोण?”

“कोणीच नाही, बाई,” लूमिस कॉलर नीट करत म्हणाला. “मी सगळं बघतोय ना. ही माणसं खेळतातच अशी.”

“माझा तिसरा तर्क हाच होता,” साहेब म्हणाले.

बाईंनी ग्रेडीला निरोप धाडला: जीव तोडून खेळा. समोर लीगमधला सगळ्यात रद्दड संघ होता. त्यांना तर हरायचंच होतं, म्हणून त्यांचे धड खेळाडू पोटऱ्या चोळत बाकावर बसले होते. ऑटर्स जीव तोडून खेळले, घामानं निथळले, एकमेकांच्या अंगावर पडले आणि सपाटून हरले. समोरच्या कोचनं जिंकल्याच्या दुःखानं डोकं धरलं.

मॅच संपल्यावर बाई खाली उतरल्या. “ग्रेडी, माझा संशय फिटला. तुम्ही अगदी मनापासून हरता. उद्यापासून येऊ नका.”

“आणि विंगेट?” मी विचारलं.

“तो घरचा आहे,” बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

साहेबांनी ग्रेडीचा हात धरून जोरजोरात हलवला. “अभिनंदन! तुम्ही निर्दोष सुटलात. माझ्यामुळे!”

ग्रेडीनं हात सोडवून घेतला. “त्यापेक्षा मुद्दाम हरलो असतो तर जावयानं तरी ठेवलं असतं,” तो म्हणाला. “पण तेही मला जमलं नसतं.”