टेपरावांनी थँक्यू म्हटलं

थँक्यू म्हटल्याने कुणाच्या भिंतींचं वाटोळं झालंय असं कधी ऐकलंय? नाही ना? मग ऐका.

टेपराव हे नाव त्यांना बांधकामावरच्या लोकांनी दिलं. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी हे साइटवर हजर, आणि कमरेच्या पट्ट्याला स्टीलचा टेप लटकलेला. विटा मोजायचे. फटी मोजायच्या. दोन फटींमधला फरक मोजायचा, आणि मग तो कालच्यापेक्षा कमी आहे की जास्त यावर मिस्त्रीशी वाद घालायचा. एकदा तर वाकलेल्या मिस्त्रीच्या पाठीलाच टेप लागला (चुकून, असं टेपरावांचं अजूनही म्हणणं आहे). त्यात त्यांचाही फार दोष नाही म्हणा. ऑफिसात त्यांचं काम एकच, आलेल्या अर्जात चूक शोधायची आणि अर्ज परत पाठवायचा. बारा वर्षं हेच केल्यावर माणूस भिंतीकडे तरी कसा बघणार?

पहिला मिस्त्री पायाच्या वर चार थर चढवून निघून गेला. दुसरा तर जेवता जेवता उठला, डबा अर्धा तसाच ठेवून गेला, आणि डबा न्यायलासुद्धा परत आला नाही. आता तिसरा आला होता. पन्नाशीपुढचा, कमी बोलणारा, हाताला चांगला. आणि इकडे भाड्याच्या दोन खोल्यांची घरमालकीण सांगून गेली होती की तिची मुलगी जुळ्या बाळांना घेऊन राहायला येतेय, तेव्हा एकतीस तारखेला खोल्या रिकाम्या पाहिजेत. आज होती आठ. म्हणजे हाही मिस्त्री गेला, तर टेपराव, त्यांची बायको आणि बाबा असे तिघंजण गाद्यांच्या वळकट्या डोक्यावर घेऊन रस्त्यावर.

टेपरावांची बायको दातांच्या दवाखान्यात कामाला. दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणायचं आणि घरी येऊन एकाला तोंड बंद ठेव म्हणायचं, हा तिचा दिनक्रम. त्या दिवशी तिनं काय केलं, टेपरावांच्या पट्ट्याचा टेप काढला आणि नेऊन दवाखान्यात दात उपटायच्या पकडींच्या शेजारी खणात कुलूपबंद केला. मग नियम सांगितला. साइटवर घरातल्या कुणीही तक्रार करायची नाही, तिनं स्वतः नाही, बाबांनी नाही, आणि तू तर नाहीच नाही. उलट, गेलं की एका तरी गोष्टीबद्दल मिस्त्रीचे आभार मानायचे. तो माणूस उन्हात उभा राहून आपलं घर बांधतोय, जरा गोड बोललं तर जीभ झिजत नाही.

बाबांनी मान डोलावली. सुनेपुढे ते नेहमीच मान डोलावतात, त्यानं मानेला व्यायाम होतो असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी टेपराव साइटवर पोचले तेव्हा त्यांना अगदी उघडं उघडं वाटत होतं. कमरेला टेप नाही. हात कुठे ठेवायचे तेच कळेना. बरं, आभार मानायचे तर कशाचे? चूक दिसायला डोळा तयार होता, चांगलं दिसायला नव्हता. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत दोनदा फिरून आले. तेवढ्यात परांचीवर उभ्या मिस्त्रीनं एक वासा ओढून काढला, त्या जागी भिंतीत वीतभर भोक उरलं आणि त्यातून उन्हाची तिरीप थेट आत पडली. (आता परांची बांधायची तर वाशाचं एक टोक भिंतीत खुपसावं लागतं. काम झालं की वासा काढतात आणि भोक बुजवतात. हे सगळ्यांना माहीत असतं. टेपरावांना नव्हतं. त्यांना त्या भोकाची लांबीरुंदी तेवढी सांगता आली असती, तीही टेप असता तर.)

"मिस्त्री," टेपराव म्हणाले, "हे फार छान केलंत. थँक्यू."

मिस्त्रीनं भोकाकडे बघितलं. टेपरावांकडे बघितलं. परत भोकाकडे.

"हे?"

"हेच."

"मग राहू देऊ म्हणता?"

"अहो, राहायलाच पाहिजे."

 मिस्त्रीनं थापी घमेल्यात ठेवली, हात पुसले, आणि हळूच म्हणाला, बरं. टेपराव इतके खूश होऊन ऑफिसला गेले की त्या दिवशी दोन अर्ज चुकांसकट पास झाले.

झालं. दुसऱ्या सकाळी त्या भोकाला कडेनं सुंदर गुळगुळीत प्लास्टरची पट्टी आली होती. एखाद्या फोटोला फ्रेम असावी तशी. स्वयंपाकघरात तशीच तीन. पुढच्या खोलीत चार, एका रांगेत. टेपरावांना वाटलं, वा, गोड बोलण्याचा काय परिणाम असतो. त्यांनी नव्या सातही भोकांचे वेगवेगळे आभार मानले. मिस्त्री वरून त्यांच्याकडे टक लावून बघत राहिला. (याला आदर म्हणतात, असं टेपरावांनी घरी सांगितलं.)

रविवारी बायको साइट बघायला आली आणि दारातच थांबली. तिला कपाटं लावायची होती त्या भिंतीची चाळणी झाली होती. तोंडापर्यंत आलं होतं, पण नियम तिनंच केलेला. मग तिनं विचार केला. बाबा गेली कित्येक वर्षं म्हणतायत की भाड्याची खोली कोंदट आहे, श्वास अडकतो. म्हणजे नवऱ्यानं बाबांसाठी करून घेतलं, आणि मला बोलला नाही. तिला एकदम भरूनच आलं. ती मिस्त्रीला म्हणाली, किती विचार करून काम करता हो तुम्ही, मनापासून आभार.

संध्याकाळी बाबा आले. त्यांची मान वाऱ्यानं धरते, उन्हाळ्यातसुद्धा मफलर सुटत नाही. एका रांगेतली चार भोकं बघून त्यांनी मफलर आणखी एक वेढा घट्ट केला. पण सून मोबाइलवर घराच्या सजावटीचे व्हिडिओ बघत असते हे त्यांना माहीत होतं. असेल काहीतरी नवीन. पोरीनं इतकी वर्षं दोन खोल्यांत काढली, हौस करू दे. तेही मिस्त्रीला म्हणाले, छान. हवा खेळती राहते.

राहिले टेपराव. त्यांच्या डोक्यात नुसता गोंधळ. बायकोला आवडलं, बाबांना आवडलं, मग आपल्यालाच काही कळत नसणार. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या माणसानं गेल्या वर्षी घर बांधलं होतं, त्याला त्यांनी सहज विचारलं, तुमच्याकडे भिंतीला भोकं किती? तो म्हणाला, दोन, आणि त्यातलं एक उंदराचं. टेपरावांना वाटलं, जुन्या पद्धतीचं घर असेल बिचाऱ्याचं. मग ऑफिसमधून घरी जाताना ते लोकांच्या घरांच्या भिंती निरखत चालायला लागले. एका कुंपणाशी फारच रेंगाळले, तर गॅलरीतून एका आजीबाईंनी काय पाहिजे म्हणून विचारलं. भोकं बघतोय, असं खरं उत्तर त्यांनी दिलं. आजीबाईंनी आपल्या मुलाला बाहेर बोलावलं. मुलगा अंगानं भरभक्कम होता. टेपराव त्या रस्त्यानं परत गेले नाहीत.

इकडे परांचीची भोकं संपली, पण मिस्त्री थांबला नाही. बाहेरच्या भिंती झाल्यावर त्यानं आतल्या भिंतींना हात घातला. त्या तर अख्ख्या होत्या, तिथे त्यानं छिन्नी लावून भोकं पाडली. बेडरूम आणि बाबांच्या खोलीच्या मधे एक. स्वयंपाकघर आणि पुढच्या खोलीच्या मधे दोन. आणि बावीस तारखेला बाथरूमच्या भिंतीत एक, थेट पुढच्या खोलीत उघडणारं, नेमकं खुर्चीवर बसलेल्या पाहुण्याच्या नजरेच्या उंचीवर. कडेनं पट्टी. पट्टीला कोपरे. इतकं सुबक की बघत राहावं, आणि बघत राहिलं की आतलं सगळं दिसावं.

तिघंही त्या दिवशी एकत्र साइटवर होते. तिघांनी ते बघितलं. बायकोनं गिळायला काही नव्हतं तरी गिळलं, आणि म्हणाली, मिस्त्री, हे बाथरूमचं... खूप खूप आभार.

घरी आल्यावर चहा आला.  बाबांनी बशी खाली ठेवली आणि सांगितलं की नवीन घरात गेल्यावर ते आंघोळीला त्यांच्या मित्राकडे जाणार आहेत. बस आहे सरळ. वीस मिनिटं लागतात.

"पण बाबा," बायको म्हणाली, "तुम्हालाच हवी होती ना ही भोकं? हवेसाठी?"

"मला?" बाबांनी मफलर धरला. "अगं, मला तर वाटलं तुझी हौस."

"माझी कशाला असेल? माझी कपाटं कुठे लावू मी?"

मग दोघंही सावकाश टेपरावांकडे वळले. टेपराव बिस्किट चहात बुडवून बसले होते. बिस्किट तुटून चहात पडलं.

"मी फक्त थँक्यू म्हटलं," ते म्हणाले. "तू सांगितलं होतंस म्हणून."

त्यानंतर थोडा वेळ जे झालं ते सांगत नाही. एवढंच की बायकोनं तिच्या नियमाचं सगळं देणंघेणं त्या अर्ध्या तासात फेडून टाकलं. पण बोलून झाल्यावर तिच्याही लक्षात आलं की खरा पेच पुढेच आहे. नऊ दिवस उरलेत. मिस्त्रीनं इतक्या प्रेमानं एकेक भोक घडवलंय. त्याला आता कुठल्या तोंडानं सांगायचं की हे सगळं बुजव? पहिले दोघे तर फटीवरून गेले होते. हा मनाला लावून घेऊन निघून गेला, तर बाथरूमसकट सगळं घर तसंच उघडं राहील, आणि जुळी बाळं तर एकतीसला येऊन पोचतील.

हे निस्तरायचं काम अर्थातच टेपरावांवर आलं. सकाळी ते रस्ताभर वाक्यं जुळवत गेले. बघतात तर मिस्त्रीनं आज आपल्या बायकोला बरोबर आणलेलं. मिस्त्रीणबाई पुढच्या खोलीत उभ्या राहून चारही भोकांतून आळीपाळीनं बाहेर बघत होत्या. टेपरावांना बघून त्यांनी पदर सावरला आणि फार मायेनं विचारलं, बरे आहात ना? जेवण जातं ना नीट? झोप लागते? टेपराव विरघळलेच. काय हे कुटुंब. त्यांनी तोंड उघडलं, जुळवलेली सगळी वाक्यं विसरले, आणि म्हणाले, "बाथरूमचं तर फारच सुंदर झालंय."

मिस्त्रीणबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं मान हलवली. कुणाच्या घरी मोठं आजारपण असलं की हलवतात तशी.

दुपारी बायको दवाखान्यातून अर्धी सुट्टी टाकून स्वतः साइटवर आली. टेपरावांना तिनं ऑफिसातून बोलावून घेतलं आणि रेतीच्या ढिगाशेजारी उभं केलं, बोलायचं नाही या अटीवर. मग मिस्त्रीसमोर गेली. तिनं दीर्घ श्वास घेतला, कालपासून जमवलेलं धैर्य एकदम खर्च केलं.

"मिस्त्री, रागवू नका. पण ही भोकं बुजवायला लागतील. सगळी."

मिस्त्री मटकन विटांवर बसला. टेपरावांना वाटलं, गेला. आता उठेल आणि डबासुद्धा न घेता चालू लागेल.

"ताई," तो म्हणाला, "सुटलो."

"म्हणजे?"

"अहो, पहिल्या दिवशी साहेब म्हणाले छान, थँक्यू, तेव्हा मला वाटलं टोमणा मारतायत. मला थँक्यूची सवय नाही हो. तक्रार केली असती तर लगेच कळली असती. पट्टी मारून दिली, म्हटलं आता तरी ओरडतील. तर हे सात वेळा थँक्यू म्हणाले. मग मी घाबरलो. हा माणूस विटांना टेप लावणारा, एकाएकी भोकांच्या प्रेमात पडला. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, घर बांधताना होतं काही लोकांना, डोक्यावर ताण येतो. आजाऱ्याला दुखवू नका, म्हणतो तसं करा."

"पण मग मी आणि बाबासुद्धा छान म्हणालो."

"तेच तर. म्हटलं घरचे किती सांभाळून घेतायत बिचारे. आपण का मागे राहायचं?"

"आणि बाथरूमचं?"

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "ते मुद्दाम केलं. म्हटलं एवढं बघून तरी भानावर येतील. तर आज सकाळी म्हणाले, सुंदर झालंय. बायकोच्या डोळ्यात पाणी आलं हो."

बायको हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता रेतीच्या ढिगावरच बसली. टेपराव तिथेच उभे, बोलायचं नाही या अटीवर.

मिस्त्रीनं त्याच दिवसापासून बुजवायला घेतलं. दोन माणसं वाढवली, रविवार धरला, आणि तीस तारखेला घरात शोधूनसुद्धा भोक सापडेना. बाबांनी मफलर काढून नवीन बाथरूममध्ये पहिली आंघोळ केली आणि आतून सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात गाणं म्हटलं.

एकतीसला टेम्पो आला. गाद्या आल्या, कपाटं आली आणि भिंतीला नीट टेकली. बायकोनं टेपरावांचा टेपही परत आणून पट्ट्याला अडकवून दिला होता, कपाटं लावायला लागेल म्हणून. मिस्त्री आणि मिस्त्रीणबाई निरोप घ्यायला दारात उभे होते. आणि खरं सांगायचं तर तेव्हा टेपरावांना आतून, अगदी मनापासून वाटलं की या माणसाचे आभार मानायचे. पहिल्यांदाच, कुणी न सांगता. आठ दिवसांत यानं काय केलं होतं ते त्यांना माहीत होतं. ते दोन पावलं पुढे आले. मिस्त्री एक पाऊल मागे सरला. मिस्त्रीणबाईंनी त्याचा हात धरला. मागून बायकोनं खाकरून घेतलं.

टेपरावांनी थँक्यू तोंडातच ठेवलं. डोळे भरून आले, कुठे बघावं कळेना, म्हणून ते दाराच्या चौकटीकडे बघत राहिले. बघता बघता हात आपोआप पट्ट्याकडे गेला. टेप सर्रकन बाहेर आला, चौकटीला लागला.

"मिस्त्री," ते दाटल्या आवाजात म्हणाले, "ही वर पाव इंच तिरकी आहे."

मिस्त्रीचा चेहरा असा काही उजळला की बघत राहावं. त्यानं वाकून घरात हाक मारली,

"ताई, बाबा, बाहेर या. साहेब बरे झाले."