सत्तेचाळीस रकाने आणि एक पिस्तूल

माणसाच्या हातून काही बिघडलं की दोष अवजाराचा असतो, हे सत्य मानवजातीला फार पूर्वीच उमगलेलं आहे. 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण ज्याने रचली, त्याने नाचणारीवर घोर अन्याय केला. त्या अंगणाची रीतसर मोजणी आजवर कुणीही केलेली नाही. ते खरोखरच वाकडं निघालं तर?

अमेरिकेतल्या रेडमंडच्या संग्राम खासनीसने ही मोजणी करायचं ठरवलं. अंगणाच्या जागी त्याच्याकडे पिस्तूल होतं, एवढाच काय तो फरक.

संग्राम मूळचा साताऱ्याचा, वय चव्वेचाळीस, एका सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेणारा. सिटिझनशिप मिळाल्यावर मराठी माणूस पुढे काय करतो, याची एक पाहणी उपलब्ध आहे (ती संग्रामनेच त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केली होती): एकसष्ट टक्के लोक घराला लाकडी डेक बांधतात, बावीस टक्के मॅरेथॉन पळायला लागतात, सोळा टक्के ढोल-ताशा पथकात जातात. उरलेला एक टक्का संग्राम. तो शहराबाहेरच्या खडीच्या खाणीत भरणाऱ्या प्रॅक्टिकल शूटिंग क्लबचा मेंबर झाला.

या खेळात घड्याळ लावून पळायचं, वाकायचं, खोट्या खिडकीतून डोकवायचं आणि पुठ्ठ्याच्या माणसांना भोकं पाडायची. तपकिरी पुठ्ठे दुष्ट, पांढरे पुठ्ठे निरपराध. दुष्टांचे गुण मिळतात, निरपराधांचे कापले जातात. उरलेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. एवढा स्वच्छ न्याय देणारी यंत्रणा जगात दुसरीकडे कुठे आढळत नाही.

आता मुद्दा असा की, ऑक्टोबरात राज्य स्पर्धेला क्लबचा चार जणांचा संघ जायचा होता. साध्या पिस्तुलांच्या गटातून तिघं नक्की झाले होते. चौथी जागा सप्टेंबरच्या मॅचवर ठरणार होती आणि त्या जागेसाठी खरे उमेदवार दोनच होते: संग्राम आणि सुमेधाकाकू.

संग्रामला ती जागा हवी होती. कुठल्याही प्रमोशनपेक्षा जास्त हवी होती. शाळेत खो-खोचा संघ निवडताना सर सगळ्यांवरून नजर फिरवायचे आणि शेवटी म्हणायचे, "खासनीस, तू गुण लिही." दहा वर्षं त्याने गुण लिहिले. अक्षर सुंदर झालं. चाळिशी उलटली की माणूस असल्या गोष्टी विसरतो म्हणतात. कोण म्हणतं कोण जाणे!

डॉ. सुमेधा राजवाडे, म्हणजे सुमेधाकाकू, यांचं वय एकाहत्तर. एकोणऐंशी साली सोलापूरहून अमेरिकेत आल्या, चौतीस वर्षं लोकांना ऑपरेशनआधी भूल दिली आणि मग रिटायर झाल्या. त्यांची सरावाची पद्धत अशास्त्रीय होती. संध्याकाळी कुकर लावायचा. गोळ्या गॅरेजमध्ये कुलपात. पिस्तूल रिकामं आहे हे तीनदा बघायचं आणि तीन शिट्ट्या होईस्तोवर फ्रिजवरच्या लिंबाच्या मॅग्नेटवर नेम धरून घोडा ओढत राहायचं. वरण शिजलं की सराव संपला. यात आकडेवारी नाही, तक्ता नाही, तुलना नाही. अशा माणसाशी स्पर्धा करावी लागणं हेच मुळात अपमानास्पद होतं.

मार्चमध्ये संग्राम काकूंपेक्षा अकरा गुणांनी मागे पडला. काय करावं लागेल हे त्याच्या तत्क्षणी लक्षात आलं. पिस्तूल अपग्रेड करावं लागेल.

बायको रेणू ही घरातली वित्तीय सल्लागार समिती (सदस्यसंख्या एक, कोरम कायम). तिने प्रस्ताव ऐकून घेतला.

"सहाशे डॉलर," ती म्हणाली. "टॅक्स धरून. आणि मग मागाहून होल्स्टर-बिल्स्टर काढायचं नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"अगं, नुसता नीट रिसर्च केला की सहाशेत बसतं."

"रिसर्च कर ना. रिसर्चला कोण नाही म्हणतंय?"

हे वाक्य तिने पुढे सहा महिने गिळून टाकायचा प्रयत्न केला.

संग्रामने स्प्रेडशीट उघडली. पहिल्या आठवड्यात नऊ रकाने होते: किंमत, वजन, घोड्याचा ताण, पकड, असे सज्जन रकाने. मे अखेर ते सत्तेचाळीस झाले. तज्ज्ञांच्या माहितीसाठी त्यांतले काही इथे नोंदवणं आवश्यक आहे. रकाना एकोणीस: पुढे विकलं तर किती येतील. रकाना तेवीस: सेल कधी लागेल. रकाना चोवीस: त्या सेलनंतर त्याहून मोठा सेल कधी लागेल. रकाना एकतीस: भारतात नेता येईल का. (सगळ्यांपुढे 'नाही'. तरी रकाना ठेवला, कारण रकाना नसलेली खरेदी खासनीसांच्या घराण्यात कुणी केलेली नाही.) रकाना अडतीस: आईला फोनवर सांगता येईल का. (सगळ्या नव्यांपुढे 'नाही'.) रकाना एकेचाळीस: व्हिडिओत माहिती सांगणाऱ्याच्या दाढीची लांबी, इंचांत. दाढी आणि विश्वासार्हता यांचा संबंध चार इंचांपर्यंत सरळ वाढतो आणि पुढे एकदम कोसळतो, हा संग्रामचा शोध या क्षेत्रात आजही अबाधित आहे.

सहा महिन्यांचा हिशेब असा: वाचलेले रिव्ह्यू दोनशे चौदा. पाहिलेले व्हिडिओ नव्वद तास. अनोळखी माणसांशी घातलेले वाद सदतीस, त्यांपैकी जिंकलेले सदतीस. झाडलेल्या गोळ्या शून्य. शनिवार-रविवारी क्लबात जायला वेळच उरेना, आणि जुन्या पिस्तुलावर सराव केला तर हाताला त्याचीच सवय लागेल, हा धोका वेगळाच.

"बाबा, व्हाय डोन्ट यू जस्ट प्रॅक्टिस?" चौदा वर्षांच्या अनयाने एकदा जेवताना विचारलं.

"बेटा, चुकीच्या पिस्तुलावर प्रॅक्टिस म्हणजे चूक पक्की करणं," संग्राम म्हणाला. रेणूने त्याच्या पानात आणखी एक पोळी टाकली. कामात असलेल्या माणसाला दुसरं काय देणार?

जुलैत गुणांची बेरीज झाली आणि अनर्थ ओढवला. तुलनेसाठी म्हणून संग्रामने सर्वांत खाली स्वतःचं जुनं पिस्तूलही लिहिलं होतं. ते पहिलं आलं. शंभरपैकी एक्क्याऐंशी पूर्णांक चार. ते फुकट होतं, घरात होतं आणि आईला आधीच माहीत होतं.

कुणी लेचापेचा माणूस असता तर त्याने निकाल मान्य केला असता. संग्रामने सूत्र तीनदा तपासलं, चूक सापडेना, तेव्हा 'नावीन्य' नावाचा नवा रकाना घातला आणि त्याला वीस टक्के वजन दिलं. (संख्या सत्तेचाळीसच राहावी म्हणून 'मनाला बरं वाटतं का' हा रकाना काढून टाकला.) आता लाल ठिपका पहिला आला. ही आहे त्याच पिस्तुलाच्या डोक्यावर बसवायची काडेपेटीएवढी काच. तीतून पाहिलं की लाल ठिपका दिसतो, आणि ठिपका जिथे तिथे गोळी, असं साडेतीन इंच दाढीवाल्याने स्पष्ट सांगितलं होतं. किंमत पाचशे अठ्ठ्याण्णव, टॅक्ससकट. सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सेलमध्ये संग्रामने ती घेतली. पुठ्ठ्याचा खोका, आतलं थर्मोकोल, ओलावा शोषणारी पुडीसुद्धा गाडीच्या डिकीत जपून ठेवली, कारण तीस दिवसांत परत करायची तर पुडीवाचून अडू नये.

मॅचच्या दिवशी नेमाप्रमाणे पाऊस होता. ताडपत्रीखाली नावनोंदणीच्या टेबलावर क्लबचे सेक्रेटरी बसले होते. वॉल्टर, रिटायर्ड बस ड्रायव्हर. त्यांनी संग्रामच्या पिस्तुलाकडे पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं.

ठिपका छान आहे, ते म्हणाले. पण ठिपका लावला की माणूस ठिपक्यांच्या गटात जातो. आपला संघ साध्या गटाचा आहे. नियमावलीत लिहिलंय. पहिल्याच पानावर.

ती नियमावली मार्चमध्ये ईमेलने आली होती. दोन पानं. संग्रामने ती उघडली नव्हती. जो माणूस टोस्टर घ्यायच्या आधी चारशे रिव्ह्यू वाचतो, त्याने खेळाचे नियम कसे वाचले नाहीत, असा प्रश्न काही भाबडे लोक विचारतील. उत्तर सोपं आहे. नियमावलीला कुणी स्टार दिलेले नव्हते.

पिस्तूल हाताळायला राखलेल्या सेफ्टी टेबलापाशी उभं राहून, बोटं गारठलेली, संग्रामने स्क्रू ड्रायव्हरने अकरा मिनिटांत ठिपका उतरवला. नाव साध्या गटात राहिलं. जुनं पिस्तूल परत जुनं झालं. मग बझर वाजला आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्याने खरी गोळी झाडली.

ती निरपराधाला लागली.

दुसरीही. पुढच्या खिडकीत त्याने एका दुष्टाला गाठलं खरं, पण मागे उभ्या निरपराधासकट. सहा फेऱ्यांत एकंदर नऊ निरपराध कामी आले, हा क्लबचा विक्रम आहे. बावीस जणांत संग्राम एकोणिसावा आला. त्याच्या खालच्या तिघांपैकी एकाचं पिस्तूल अडकलं होतं, एकाला बायको बाळंत व्हायला निघाल्याचा फोन आला म्हणून तो अर्ध्यातून गेला आणि तिसरा नुसता बघायला आला होता, त्याचं नाव चुकून यादीत पडलं होतं.

चौथी जागा सुमेधाकाकूंना मिळाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संग्रामनेही वाजवल्या, आणि मग ताडपत्रीच्या कडेला एका उलट्या बादलीवर जाऊन बसला. त्याला खरंच रडू येत होतं. काकू थर्मास घेऊन त्याच्याजवळ आल्या.

"घे चहा. तोंड पाडून काय बसलायस? पुठ्ठेच होते."

"काकू, तुमचं पिस्तूल कोणतं हो?"

"कोण जाणे रे! आमच्या ह्यांनी घेतलेलं, ते होते तेव्हा. दोन हजार चार की पाच. लिहिलेलं असेल त्याच्यावर कुठेतरी."

"त्यात काय काय बदललंत?"

"बदललं नाही बाबा काही. पुसून ठेवते." त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या चौतीस वर्षांच्या अनुभवाने त्यांना कळलं असावं की या माणसाला भूल आधीच चढलेली आहे. "हे बघ, मंगळवारी सहाला घरी ये. कुकर लावते. तीन शिट्ट्या होईस्तोवर दोघं मिळून करू. दहा मिनिटांचं काम आहे. पुढच्या वर्षी जागा तुझी, मी लिहून देते. मग वरणभात खाऊन जा."

संग्रामला भरून आलं. इतक्या वर्षांत त्याला असं कुणी म्हणालं नव्हतं. "येतो काकू. नक्की येतो," तो म्हणाला आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता त्याने मान तिरकी करून काकूंच्या पिस्तुलावरची झिजलेली अक्षरं वाचून घेतली.

मंगळवारी काकूंनी तांदूळ जास्तीचा लावला. तीन शिट्ट्या झाल्या, चौथी झाली, मग त्यांनी गॅस बंद केला. संग्राम त्या वेळी घरी स्क्रीनसमोर होता. ते मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केलं होतं, पण ओहायोत एकाकडे सेकंडहँड होतं, आणि माणूस पाचशे चाळीसला तयार होत आला होता.

इथे वृत्तांत संपतो. तो वाचताना संग्रामला हसणाऱ्या वाचकांना एकच विचारायचं आहे. काकूंच्या सरावाची पूर्ण पद्धत वर मोफत दिलेली आहे. तिच्याबद्दल आपल्याला एकही शंका आली नाही. आणि ज्या आपण उभ्या जन्मात पिस्तूल हातात धरलेलं नाही, त्या आपल्याला या क्षणी एवढंच जाणून घ्यायचं आहे की, ते होतं तरी कुठल्या कंपनीचं?