सगळ्यात मागचं कपाट

आमचे बाबूकाका सावे खोक्याला कान लावतात. डोळे मिटून, श्वास रोखून. मग खोकं दोन्ही हातांनी हळूच हलवतात आणि निकाल देतात, "माल बोलतोय." म्हणजे आत काहीतरी सैल आहे. बोलणारं खोकं काका तिथल्या तिथे सोडतात, सुकं गवत कोंबून पुन्हा बांधतात आणि पुन्हा कान लावतात. खोकं गप्प झालं की त्यांना बरं वाटतं. माणसांच्या बाबतीत त्यांचं मत बरोबर उलटं आहे. गप्प बसलेला माणूस त्यांना बघवत नाही.

काका घोलवडला माझे शेजारी. उभा जन्म रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, चिकूच्या खोक्यांमध्ये गेला. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, काकी गेल्यालाही झाली, पण हात अजून ड्युटीवरच आहेत. झाडाचे चार चिकू मला द्यायचे झाले तरी ते गवतात बसवून, खोक्यात भरून, सुतळीची दुहेरी गाठ मारून येतात. प्रवास म्हणाल तर एका कुंपणाचा. ती गाठ सोडवेपर्यंत कच्चे चिकू पिकतात.

मी झरीच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे शिक्षक, तलाठी, रेल्वेवाले येतात आणि बदली झाली की जातात. सगळं सामान काही नेता येत नाही. मग कुणीतरी म्हणतं, "काका, एवढं कपाट राहू द्या, पुढच्या महिन्यात नेतो." तो पुढचा महिना सहसा उजाडत नाही. सुरुवातीला हे सामान काकांच्या ओटीवर असायचं. ओटी भरली, मग आतली खोली भरली. स्वतःच्या घरात आडवं होऊन चालायची वेळ आली, तेव्हा काकांनी जिग्नेशभाईंचा गाळा भाड्याने घेतला.

जिग्नेशभाईंनी आपल्या जुन्या चिकू पॅकिंगच्या शेडमध्ये पत्रे उभे करून, शटर लावून गाळे पाडलेत. शेजारच्या गाळ्यांत खताच्या गोणी आहेत, मंडपवाल्याच्या खुर्च्या आहेत. काकांच्या गाळ्यात लोकांचे संसार आहेत. खोक्यांवर मार्करने माणसांची नावं नाहीत, गावांची आहेत. जळगाव, सातारा, परभणी. आता जळगावला गेलेली कुटुंबंच तीन आहेत, पण काकांचा गोंधळ होत नाही. जिग्नेशभाई मला म्हणाले, "बेन, काका कोणाकडून काय पण घेत नाय. हा धंदा करते का सेवा करते, मला तो समजतच नाय."

मला न समजणारी गोष्ट वेगळीच होती. एवढा मुरलेला पार्सलवाला, पण गाळ्याची रचना साफ उलटी. जे आधी उतरायचं ते दाराशी ठेवायचं, हा रेल्वेचा डबा भरायचा नियम मला काकांनीच शिकवलेला. गाळ्यात मात्र, "न्यायला येतोय" असा ज्याचा फोन येई, त्याचं सामान दुसऱ्याच दिवशी पार मागच्या भिंतीला गेलेलं असे. मी एकदा विचारलंच.

"पार्सलच्या डब्याला दोन्हीकडे दारं असतात, बाई," काका म्हणाले. "गाळ्याला एकच."

हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं की मला पटलं. घरी येऊन चहा टाकल्यावर लक्षात आलं की मला काहीही कळलेलं नाही.

मागे एक तलाठी भाऊसाहेब आपला पाण्याचा फिल्टर न्यायला आले होते. पाच मिनिटांत निघतो म्हणाले, मोटरसायकल बंदसुद्धा केली नाही. फिल्टर तीन कपाटं, एक सोफा आणि कुणाच्या तरी शिलाई मशीनच्या मागे निघाला. सगळं सामान अंगणात आलं. काका प्रत्येक खोक्याला कान लावत होते, मधेच भाऊसाहेबांच्या मुलांच्या परीक्षा, आईचे गुडघे, नव्या गावचं पाणी, सगळं विचारून घेत होते. दुपार झाली. "आता जेवूनच जा," काका म्हणाले. घरी कंद-शेंगांची उकडहंडी तयार होती, आणि ती सकाळपासून चुलीवर असणार, हे कुणालाही कळलं असतं. उकडहंडी काही एका माणसापुरती होत नाही. भाऊसाहेब संध्याकाळी फिल्टर आणि वर चिकूचं खोकं घेऊन गेले.

मी त्यावर हसले होते. म्हातारा वेंधळा झालाय असं शाळेत सांगितलंही होतं.

परवा साताऱ्याहून पवार सरांचा फोन आला. पवार सर पूर्वी माझ्याच शाळेत होते आणि काकांच्या मागच्या खोलीत राहायचे. त्यांची लेक ओवी काकांच्या ओटीवर चालायला शिकली. सर वैतागले होते. वापीहून रिकामा परतणारा टेम्पो मिळाला म्हणून त्यांनी कपाट आणि पाळणा आणायला तो काकांकडे पाठवला. काकांनी ड्रायव्हरला चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवला. म्हणे, माल मालकालाच मिळेल.

"बाई, तुम्हीच समजवा," सर म्हणाले. "टेम्पो तलासरीला थांबलाय, उद्या पुन्हा येईल. उद्या नाही मिळालं तर मी ते कपाट सोडून देईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तावातावाने गाळ्यावर गेले. वर्गात उशिरा येणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला आवाज लावायचा असं ठरवलं होतं. बघते तर शटर उघडं, आणि साताऱ्याचं कपाट, पाळणा, खेळण्यांचं खोकं, सगळं दाराशी. काकांनी एकट्याने ओढून आणलं होतं. कपाट पुसलेलं, पाळण्याच्या कड्यांना तेल दिलेलं. काका खोक्यावर बसले होते.

"घेऊन जाऊ दे," ते म्हणाले. "काल माझं चुकलंच. टेम्पोवाला भला माणूस आहे."

"मग काल का दिलं नाहीत?"

काकांनी पाळण्याची कडी पुन्हा एकदा पुसली. "सामान आहे तोवर माणूस येतो, बाई. आता टेम्पोच यायला लागले. टेम्पोला काय विचारू? ओवी कितवीत गेली ते?"

माझा सगळा आवाज गेला. सामान मागे का जायचं, फिल्टर तीन कपाटांमागे का होता, ते मला आत्ता कळलं. वेंधळी मी होते. मी त्याच कपाटाला टेकून पवार सरांना फोन लावला.

"सर, कठीण आहे हो," मी म्हणाले. "तुमचं सामान अगदी मागच्या भिंतीला आहे. टेम्पोवाल्याचं काम नाही ते. तुम्ही या. काढायला अख्खा दिवस जाईल. ओवीला घेऊन या."

सरांनी विचारलं, "काका बरे आहेत ना?"

"बरे आहेत. पण या."

"शनिवारी निघतो," सर म्हणाले. "ओवी कधीची मागे लागलीये. टेम्पोला नको म्हणून कळवतो."

मी काकांना सांगितलं. काका उठले, धोतराला हात पुसले आणि दाराशी चकचकणाऱ्या कपाटाकडे काळजीने पाहू लागले.

"शनिवारी येणार, आणि हे इथे?" ते म्हणाले. "बाई, तिकडून धरा जरा."

आधी मधलं सगळं बाहेर काढावं लागलं. सोफा, शिलाई मशीन, परभणीची खोकी. मग आम्ही ते कपाट तसूतसूने आत ढकलू लागलो. अर्ध्या वाटेवर आलो तोच बाहेर हॉर्न वाजला. साताऱ्याच्या सरांचा निरोप काही ड्रायव्हरपर्यंत वेळेत पोचला नव्हता.

तो आत आला, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि बाह्या वर करत म्हणाला, "आवो काका, ह्ये भाईर काढायचं का आत घालायचं?"

"आत," काका म्हणाले. "पार भिंतीपर्यंत. तू त्या कोपऱ्याला धर. आणि मुलंबाळं किती तुला?"