चौदा कंप्यूटर, एक तास पुढे

"पासवर्ड माझ्या डोक्यात, आणि डोकं माझ्या धडावर!" पंढरीनाथ ऑफिसात येता-जाता सांगायचे. "माझ्या हुकुमाशिवाय इथं पान हलणार नाही!"

वीस वर्षं त्यांनी मिलच्या फाटकावर हजेरी घेतली होती. मिल बंद पडली, तेव्हा चाळिशी उलटलेली असताना ते पोरांच्या रांगेत बसून कंप्यूटर शिकले आणि विजय नगरच्या एका औषध एजन्सीत चौदा कंप्यूटरांचे राखणदार झाले.

त्या शनिवारी नवं सॉफ्टवेअर टाकायचं होतं. त्याचा इन्स्टॉलर त्यांनी सकाळीच सीडीवरून सामायिक फोल्डरमध्ये उतरवून ठेवला, मग दुपारी एकेका कंप्यूटरवर बसून, पासवर्ड देऊन, ऐटीत चालवला. चौदाही झाले! साहेबी समाधानानं ते चहा प्यायले.

मालक प्रतापराव मात्र फोनकडे डोळे लावून बसले होते. मुंबईची मोठी पार्टी पाच वाजता फोन करणार होती. कंप्यूटरवर पाच झाले, साडेपाच झाले, पावणेसहा झाले.

"मेरी घडी तो पीछे चल रही है, पंढरीनाथजी!"

"कंप्यूटर चुकत नाही, साहेब," म्हणत पंढरीनाथांनी स्वतःचंही मनगटी घड्याळ तासभर पुढे केलं.

सहाला पाच कमी असताना प्रतापराव उठले. "मुंबईवालों को टाइम की कीमत नहीं!" कुलूप लागलं. पाच मिनिटांनी रिकाम्या ऑफिसात फोन वाजला, तो वाजतच राहिला.

घरी सुलोचनाबाई म्हणाल्या, "अहो, आज लवकर?"

"लवकर कसलं? साडेसहा वाजलेत!"

"साडेपाच! रेडिओ लावू?"

पंढरीनाथांनी मनगटी घड्याळ काढून तासभर मागे केलं.

सोमवारी त्यांनी फोल्डर उघडून बघितला. इन्स्टॉलरबरोबर आलेल्या आज्ञांच्या फायलीत शेवटी एक परकी ओळ होती: घड्याळ एक तास पुढे. फायलीत कुणीही लिहावं, असा तो फोल्डर इन्स्टॉलरनंच उतरताना सताड उघडा बनवला होता. आणि ती ओळ चौदा वेळा चालली होती ती पंढरीनाथांच्या स्वतःच्या पासवर्डनं!

तेवढ्यात टायपिस्ट रमा रडवेली होऊन पुढे आली. "मी लिहिली. साहेब सहाला सुट्टी द्यायला माझ्याच कंप्यूटरकडे बघतात ना! माझ्या मुलीची, शिवांगीची शाळा पाचला सुटते, ती फाटकावर एकटी उभी राहते. फक्त माझंच घड्याळ पुढे करायचं होतं, पंढरीभिया!"

"रमाबाई, मला सांगायचं होतं!"

"तीनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, पान हलणार नाही."

प्रतापराव गरजत आले. मुंबईची पार्टी चिडली होती, तिला पुन्हा फोन करून गयावया करावी लागली होती. "किसने किया?"

रमाचा चेहरा पांढराफटक पडला.

"पासवर्ड माझा होता, साहेब," पंढरीनाथ म्हणाले. "चूक माझी. आणि रमाबाईंना पाचला सोडत जा, त्या सकाळी तासभर आधी येतील."

प्रतापरावांनी पडद्यावरच्या फोल्डरकडे बोट दाखवलं. "ठीक है. लेकिन ताला लगाओ!"

पंढरीनाथांनी मूळ सीडीवरून फायली नव्यानं आणल्या, परकी ओळ गेली. मग 'सर्वांना लिहिण्याची मुभा' काढायची, तर आवेशात 'सर्वांना मनाई' असं टिच्चून लावलं.

"हो गया?"

"झालं, साहेब! आता त्या फोल्डरमध्ये कुणीही शिरू शकत नाही."

"और आप?"

पंढरीनाथांनी पासवर्ड टाकला. पुन्हा टाकला. घसा खाकरला.

"सर्वांमध्ये मीपण आलो, साहेब."